धागा: जुना लॅपटॉप, लिनक्स मिंट आणि मोबाइलचं शूटिंग. व्हिडिओ एडिटिंग शिकायला सुरुवात कुठून करावी?

संत्रा_वरूड
नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या संत्रा बागायतदारांसाठी छोटे माहितीचे व्हिडिओ करायचे आहेत. छाटणी, बोर्डो पेस्ट, आंबिया बहाराचा ताण असे विषय, प्रत्येकी ५ ते ८ मिनिटं. लॅपटॉप इंटेल आय-३, पाचवी पिढी, ८ जीबी रॅम, २४० जीबी एसएसडी. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. शूटिंग मोबाइलवर, १०८०पी.

अडचण अशी की क्लिप टाइमलाइनवर टाकली की अडखळत चालते आणि शेवटाकडे जाता जाता ओठ एकीकडे नि आवाज दुसरीकडे होऊन राहिला. कोणतं सॉफ्टवेअर धरावं आणि कोणत्या क्रमानं शिकावं? नेट मोबाइलचंच आहे, रोजच्या डेटात भागवावं लागते.

टाइमलाइन_आर्वी
भाऊ, मशीन पुरेसं आहे. पहिले हे समजून घ्या की तुमच्या दोन्ही अडचणी वेगवेगळ्या आहेत आणि सॉफ्टवेअर बदलून त्यातली एकही जाणार नाही.

आवाज सरकते त्याचं कारण फ्रेमचा अस्थिर वेग. मोबाइल ३० फ्रेम म्हणतो, पण झाडाच्या सावलीत किंवा खोलीत उजेड कमी पडला की प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ देण्यासाठी वेग आपोआप २४ किंवा त्याही खाली आणतो आणि उन्हात आला की परत वाढवतो. आवाज मात्र एका लयीत चालू असतो. एडिटर वेग स्थिर धरून हिशेब करतो, म्हणून क्लिप जितकी लांब तितका फरक साचत जातो. मीडियाइन्फो नावाचा छोटा प्रोग्राम टाका आणि क्लिप त्यात उघडा. फ्रेम रेट मोडसमोर 'व्हेरिएबल' दिसलं तर रोग हाच.

इलाज एडिटिंगच्या आधी करायचा. हँडब्रेक या व्हिडिओचा प्रकार बदलून देणाऱ्या मुक्त प्रोग्राममध्ये क्लिप घ्या, व्हिडिओच्या टॅबमध्ये एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) निवडा, फ्रेम रेट ३० ठेवा आणि त्याखालचं 'कॉन्स्टंट' निवडा. क्वालिटीचा आकडा १८ ठेवा. हा आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाईल मोठी. साधारण ६ नं कमी केला की फाईल जवळपास दुप्पट होते. १८ वर मूळ चित्रातलं काही गेलेलं डोळ्याला दिसत नाही. केडेनलाइव्ह हा मुक्त एडिटरही अशी क्लिप आत घेताना ओळखतो आणि बदलून देऊ का म्हणून विचारतो. तिथे 'हो' म्हटलं तरी चालते, फक्त कोणत्या प्रकारात बदलतो ते पाहा. डीएनएक्सएचआरसारखा कमी दाबणारा प्रकार निवडला तर १०८०पी, ३० फ्रेमला सेकंदाला सुमारे २२० मेगाबिट लागतात, म्हणजे मिनिटाला दीड जीबीच्या वर. तुमची २४० जीबीची एसएसडी त्यात लवकर भरते.

अडखळणं ही दुसरी गोष्ट. मोबाइलच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ एचईव्हीसी म्हणजेच एच.२६५ या जास्त दाबणाऱ्या पद्धतीवर असेल तर तो पहिले एच.२६४ वर आणा. पाचव्या पिढीच्या इंटेलमध्ये एचईव्हीसी पूर्णपणे हार्डवेअरवर उलगडण्याची सोय नाही, सगळा भार प्रोसेसरवर येते. त्यानंतर प्रॉक्सी चालू करा. केडेनलाइव्हमध्ये प्रोजेक्ट सेटिंग्ज उघडा, प्रॉक्सीच्या टॅबमध्ये टिक करा. प्रत्येक मोठ्या क्लिपची लहान नक्कल तयार होते आणि क्लिपच्या चित्रावर 'पी' हे अक्षर दिसते. कापाकापी नकलेवर होते, शेवटचा व्हिडिओ मूळ क्लिपमधूनच बनते. रेंडरच्या (शेवटचा व्हिडिओ तयार करण्याच्या) खिडकीत 'प्रॉक्सी क्लिप वापरून रेंडर करा' अशी एक टिक आहे, ती मात्र लागलेली नसावी, नाही तर धुरकट व्हिडिओ हाती येते.

वैनगंगा
प्रॉक्सी केली तर हँडब्रेकचा फेरा काहून पाहिजे? दोन्हीत फाईल बदलतेच ना?

टाइमलाइन_आर्वी
प्रॉक्सी फक्त पाहण्यापुरती असते. रेंडरच्या वेळी मूळ अस्थिर क्लिप परत वापरात येते, तेव्हा ओठ जुळण्याचा प्रश्न तसाच उभा राहतो. स्थिर केलेली क्लिप हीच तुमची मूळ क्लिप समजा आणि तिच्यावरून प्रॉक्सी करा. क्रम हाच पाहिजे.

कपाशी_हिंगणघाट
डाविंची रिझॉल्व्ह फुकट मिळते ना? रंगकाम त्यात सर्वांत भारी आहे म्हणतात.

मास्तर_घाटंजी
रंगकाम चांगलं आहेच. पण ते विनामूल्य असलं तरी मुक्त सॉफ्टवेअर नाही आणि लिनक्सवरची त्याची विनामूल्य आवृत्ती एच.२६४ उघडत नाही. म्हणजे मोबाइलची प्रत्येक क्लिप आधी मोठ्या फाईलमध्ये बदला. त्यावर दमदार ग्राफिक्स कार्ड पाहिजे. पाचव्या पिढीच्या आय-३ वर त्याचा विचार सोडून द्यावा.

या मशीनसाठी दोनच नावं घ्यावीत, केडेनलाइव्ह किंवा शॉटकट. दोघांच्या पोटात एमएलटी हेच इंजिन आहे. शॉटकट बनवणारे डॅन डेनेडी हे एमएलटीच्याही मूळ निर्मात्यांपैकी. ओपनशॉट दिसायला सर्वांत सोपा, पण प्रोजेक्ट लांबला की जड होतो. नुसती सुरुवात-शेवट कापायची असेल तर लॉसलेसकट पुरतो, तो पुन्हा एन्कोड न करता (व्हिडिओ नव्यानं न दाबता) कापतो, त्यामुळे काम काही सेकंदांत होते. फक्त काप की-फ्रेमवरच (मधून मधून येणाऱ्या, पूर्ण साठवलेल्या फ्रेमवर) नेमका बसतो, म्हणून एखाद-दोन सेकंद इकडेतिकडे होतात.

माझं मत केडेनलाइव्हकडे, कारण बॅकअप आणि ऑडिओ जुळवणी त्यात चांगली आहे. एक निवडा आणि किमान दहा पूर्ण व्हिडिओ होईपर्यंत बदलू नका. बटणं बदलली की हाताची सवय तुटते.

टाइमलाइन_आर्वी
सरांशी सहमत. डेटाबद्दल: मिंटमध्ये केडेनलाइव्ह फ्लॅटपॅक या पॅकेजच्या रूपात घेतला तर पहिल्यांदा केडीईचं अख्खं रनटाइम (चालायला लागणाऱ्या फाईलींचा गठ्ठा) सोबत उतरते. त्यापेक्षा अ‍ॅपइमेज घ्या, ती एकच फाईल असते. वरूड किंवा मोर्शीत कुणाकडे वायफाय असेल तिथून पेनड्राइव्हवर आणता येते. फाईलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, परवानग्यांमध्ये 'प्रोग्राम म्हणून चालू द्या' टिक करा. डबल क्लिक करूनही उघडत नसेल तर बहुधा लिबफ्यूज-२ हे पॅकेज नाही, ते सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाका. मिंट टाकताना मल्टिमीडिया कोडेकची टिक राहिली असेल तर तेही त्याच वेळी उरकून घ्या.

पेनड्राइव्ह फॅट-३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल त्यावर बसणार नाही. एक्सफॅटवर फॉरमॅट करा, आजच्या लिनक्सला ते चालते. आणि विंडोजच्या डिस्कवर क्लिपा ठेवल्या असतील आणि लिनक्स ती डिस्क फक्त वाचायलाच देत असेल, तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा.

संत्रा_वरूड
केडेनलाइव्ह उघडला. फ्रेम स्थिर केल्यावर आवाज बरोबर जुळला, फार आभार. आता क्रम सांगा. यूट्यूबवर इफेक्टचेच धडे जास्त दिसतात.

मास्तर_घाटंजी
इफेक्ट शेवटी. माहितीच्या व्हिडिओत नव्वद टक्के काम कापणं, सरकवणं आणि आवाज एवढंच असते.

पहिले फोल्डर. प्रत्येक व्हिडिओचा एक फोल्डर आणि त्यात चार उपफोल्डर: मूळ क्लिपा, स्थिर केलेल्या क्लिपा, आवाज, चित्रं. प्रोजेक्टची फाईलही तिथेच. केडेनलाइव्हच्या फाईलमध्ये व्हिडिओ नसतो, फक्त कोणती क्लिप कुठे आहे याचे पत्ते असतात. मधेच क्लिपचं नाव बदललं किंवा जागा बदलली की दुसऱ्या दिवशी 'क्लिप सापडत नाही' असा निरोप येते. दुसऱ्या मशीनवर न्यायचं असेल तर प्रोजेक्ट मेनूतला 'आर्काइव्ह' पर्याय सर्व काही एका जागी गोळा करून देतो.

प्रोजेक्टचं प्रोफाइल १०८०पी, ३० ठेवा. पहिली क्लिप टाकताना तो विचारतो की क्लिपप्रमाणे प्रोफाइल बदलू का, तेव्हा वाचून उत्तर द्या. एखादी क्लिप उभी शूट झालेली असेल आणि तीच पहिली टाकली, तर अख्खा प्रोजेक्ट उभा होऊन बसते.

मग चार हत्यारं पाठ करा. एस निवडीचं, एक्स कात्रीचं, एम जागा सरकवण्याचं, आणि शिफ्ट-आर दाबलं की प्लेहेड जिथे उभा आहे तिथे क्लिप कापली जाते. जे, के, एल या तीन बटणांनी मागे, थांबा, पुढे. एल दोनदा दाबलं की दुप्पट वेगानं पाहता येते. एवढ्यावर पहिले तीन व्हिडिओ करा. एकही ट्रान्झिशन न घालता. बोलण्यात श्वास घेतला तिथे काप घ्यायचा. शब्दाच्या पोटात कापलं की झटका बसतो.

काप उघडा पडू नये म्हणून जोडचित्रं लागतात. बोलणारा माणूस पहिल्या ट्रॅकवर, आणि हाताचं, फांदीचं, बादलीचं जवळचं चित्र वरच्या ट्रॅकवर. खालचा आवाज चालू राहतो, डोळ्यांपुढे काम दिसते. शूटिंगलाच प्रत्येक कामाचे असे पाच-सहा जवळचे तुकडे, प्रत्येकी १० सेकंदांचे, मोबाइल न हलवता घेऊन ठेवा. एडिटिंगची निम्मी अडचण हे तुकडे नसल्यानं होते.

प्ले तरीही जड वाटलं तर मॉनिटरच्या मेनूतून प्रीव्ह्यू रिझोल्यूशन ३६०पी करा. त्यानं शेवटच्या व्हिडिओवर काही परिणाम होत नाही.

शब्दवेल_दर्यापूर
आवाजाबद्दल मी लिहिते. लोक हलणारं चित्र चालवून घेतात, पण न ऐकू येणारं बोलणं बंद करतात. शेतातल्या व्हिडिओंना तर हे फारच लागू आहे.

तार असलेला कॉलर माइक घ्या. हनुवटीपासून एक वीत खाली, शर्टाच्या कडेला. मोबाइलसाठी तीन काळ्या रेघांची पिन पाहिजे. दोन रेघांची कॅमेऱ्याची पिन मोबाइलमध्ये घातली तर माइक चालत नाही, मोबाइल स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करत राहतो आणि घरी येईपर्यंत कळत नाही. म्हणून शूटिंगआधी माइकवर बोटानं टिचकी मारून, रेकॉर्ड करून ऐकून पाहा. वाऱ्यासाठी फोमची टोपी हवीच.

आवाज वेगळ्या मोबाइलवर रेकॉर्ड करत असाल तर सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. केडेनलाइव्हमध्ये चांगल्या आवाजाच्या क्लिपवर राइट क्लिक करून 'ऑडिओ रेफरन्स' ठरवा, मग कॅमेऱ्याची क्लिप निवडून 'रेफरन्सशी जुळवा' म्हणा. तो लहरी जुळवून क्लिप आपोआप सरकवतो. नाही जमलं तर टाळीची टोकं डोळ्यांनी जुळवता येतात.

सफाई ऑडॅसिटीत. आधी हाय-पास फिल्टर, ८० ते १०० हर्ट्झ, त्यानं वाऱ्याची घुमघुम बरीच जाते. मोटारपंपाची किंवा पंख्याची एकसारखी घरघर असेल तर कुणी बोलत नाही असा दोनेक सेकंदांचा तुकडा निवडून नॉइज रिडक्शनमध्ये प्रोफाइल घ्या, मग संपूर्ण क्लिप निवडून ६ ते १२ डेसिबल कमी करा. १२ च्या वर नेलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा होतो. पाखरं, मधेच गेलेला ट्रॅक्टर, कुत्र्याचं भुंकणं यानं जात नाही. तिथे वाक्य पुन्हा घ्या. फवारणी पंप चालू असताना बोलूच नका, काम दाखवा आणि बोलणं मागाहून रेकॉर्ड करा.

पातळी: बोलण्याची शिखरं उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये. मागे संगीत असेल तर ते बोलण्याच्या १५ ते २० डेसिबल खाली. यूट्यूब मोठा आवाज उणे १४ लफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) आसपास खाली ओढतो, म्हणून ऑडॅसिटीच्या लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये तेवढंच ठेवा आणि शिखर उणे १ च्या वर जाऊ देऊ नका. सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ.

कपाशी_हिंगणघाट
मराठी अक्षरांचं काय? कृतिदेवमधला मजकूर टायटलमध्ये पेस्ट केला तर इंग्रजी अक्षरांचा कचरा येऊन राहिला.

मास्तर_घाटंजी
कृतिदेव युनिकोड नाही. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात, म्हणून दुसरा फाँट लागला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या किंवा नव्यानं टाइप करा. मिंटमध्ये कीबोर्ड लेआउटमध्ये मराठी जोडता येते, फोनेटिक हवं असेल तर कगप फोनेटिक निवडा. अ‍ॅपइमेजमध्ये कधी कधी आयबस (लिनक्समधली टायपिंगची सोय) चालत नाही; मग साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये टाइप करून टायटलमध्ये पेस्ट करा.

फाँट: मुक्ता आणि बालू-२ पडद्यावर जाड आणि स्वच्छ दिसतात. 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे पाहिजे असतील तर तिरो देवनागरी मराठी, त्यात ते मुळातच तसे आहेत. आयआयटी मुंबईचा शोभिकाही चांगला, पण तो पुस्तकी बारीक आहे, लहान मोबाइलवर रेषा हरवतात. फाँटची फाईल घरच्या फोल्डरमधल्या लपवलेल्या 'लोकल, शेअर, फाँट्स' या जागी टाका आणि केडेनलाइव्ह बंद करून उघडा.

१०८०पी चौकटीत अक्षर ६० पिक्सेलच्या खाली नको. बघणारे मोबाइलवरच बघतात. प्रमाण सांगताना ते पडद्यावर लिहून दाखवा: बोर्डो पेस्ट, १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. ही पाटी दोनदा सावकाश वाचून होईल इतका वेळ राहू द्या. खाली हिरवी पानं असतात, पांढरी अक्षरं त्यात विरतात; मागे अर्धपारदर्शक काळी पट्टी घाला.

वैनगंगा
आमच्याकडे वडसा भागात झाडीपट्टीच्या नाटकांचं रेकॉर्डिंग करून मागतात. रातभर चालते, पाच-सहा तासांचा प्रयोग. रेंडर अर्ध्यावर असताना लाइट गेली की सगळं वाया जाते. बॅटरीही जुनी. याच्यावर उपाय सांगा.

टाइमलाइन_आर्वी
हा मुद्दा महत्त्वाचा आहे, नीट सांगतो.

एमपी-४ फाईलमध्ये कोणती फ्रेम कुठे आहे याची सूची शेवटी लिहिली जाते. मधेच लाइट गेली तर सूची लिहिलीच जात नाही आणि ५ जीबीची फाईल असूनही कोणताच प्लेअर ती उघडत नाही. एमकेव्ही तसा नाही, तो लिहीत जातो तसा वाचता येतो. जिथपर्यंत झालं तिथपर्यंत वाचते. म्हणून रेंडर एमकेव्हीत करा. केडेनलाइव्हच्या रेंडरमध्ये स्वतःचा प्रीसेट बनवून कंटेनर मॅट्रोस्का (म्हणजेच एमकेव्ही) ठेवा, आतला कोडेक एच.२६४ आणि एएसीच राहू द्या. काम झालं की लॉसलेसकटमध्ये उघडून एमपी-४ म्हणून बाहेर काढा. पुन्हा एन्कोड होत नाही, त्यामुळे दर्जा तोच राहते. ओबीएसनं रेकॉर्ड करत असाल तर तिथेही हेच. त्याच्या फाईल मेनूत 'रीमक्स' आहे.

सहा तास एका दमात रेंडर करू नका. टाइमलाइनवर आय आणि ओ दाबून प्रवेशाप्रवेशाचा झोन ठरवा आणि रेंडरमध्ये 'निवडलेला झोन' घ्या. अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे करा, काप शांततेच्या जागी, पडदा पडतो तिथे. सर्व तुकडे एकाच प्रीसेटचे असले की एमकेव्हीटूलनिक्समध्ये एकामागे एक जोडता येतात. लाइट गेली तर एकच तुकडा परत.

शूटिंगचा मोबाइल किंवा कॅमेरा मधेच बंद पडून एमपी-४ खराब झाली असेल तर ती फेकू नका. अनट्रंक नावाचं मुक्त साधन आहे. त्याच मोबाइलनं, त्याच सेटिंगवर घेतलेली एक चांगली क्लिप त्याला नमुना म्हणून द्यायची, ती पाहून तो तुटलेल्या फाईलची सूची नव्यानं बांधतो. नेहमीच जमते असं नाही, पण पुष्कळदा जमते.

अर्धवट एडिटिंग गेलं असेल तर केडेनलाइव्ह पुन्हा उघडल्यावर ऑटोसेव्हमधून परत आणू का विचारतो. फाईल मेनूत 'बॅकअप फाईल उघडा' मध्ये जुन्या वेळेच्या प्रतीही असतात.

शब्दवेल_दर्यापूर
दादा, नाटकाच्या रेकॉर्डिंगला अजून दोन गोष्टी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मोबाइलचा शटर १/६० वर गेला की पडद्यावर पट्टे फिरतात. ओपन कॅमेरासारख्या मुक्त अ‍ॅपमध्ये तुमचा मोबाइल परवानगी देत असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ला बांधा, आणि २५ फ्रेम मिळत असतील तर त्या घ्या. एक्सपोजरही लॉक करा, नाही तर प्रत्येक प्रकाशबदलाला चित्र उजळ-काळं होत राहते.

आणि मंडळाची लेखी परवानगी घ्या. नाटकात सिनेमाचं गाणं वाजलं तर यूट्यूबची कंटेंट आयडी ही कॉपीराइट ओळखणारी यंत्रणा तो भाग पकडते, ते प्रवेश आधीच बाजूला काढा. १५ मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओसाठी खात्याची फोननं पडताळणी करावी लागते.

कपाशी_हिंगणघाट
उन्हाळ्यात रेंडर दुप्पट वेळ घेते. मे महिन्यात हेच चालू राहते.

टाइमलाइन_आर्वी
४५ अंशांच्या खोलीत प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. रेंडर पहाटे लावा. लॅपटॉप गादीवर नको, मागच्या बाजूनं लाकडाच्या दोन पट्ट्यांवर उचलून ठेवा. कपाशीच्या दिवसांत पंख्याच्या जाळीत तंतू बसतात, वर्षातून एकदा उघडून ब्रशनं साफ करून घ्या आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट बदला. व्हिडिओच्या लांबीच्या दुप्पट-तिप्पट वेळ रेंडरला लागला तर या पिढीच्या आय-३ ला ते नेहमीचं आहे. इंटेलच्या ग्राफिक्सकडून काम करून घेणारा व्हीएएपीआय प्रीसेट वापरला तर काम लवकर होते, पण त्याच बिटरेटला चित्र थोडं कमी स्वच्छ येते. पानांच्या बारीक तपशिलात ते दिसते, म्हणून छाटणीच्या व्हिडिओंना प्रोसेसरवर चालणारा साधा एक्स-२६४ च ठेवा.

संत्रा_वरूड
शेवटचे दोन प्रश्न. अपलोडला किती बिटरेट ठेवू म्हणजे डेटात बसेल? आणि एसएसडी भरत चालली, प्रॉक्सी कुठे साठतात?

मास्तर_घाटंजी
यूट्यूबची शिफारस १०८०पी, ३० फ्रेमला सेकंदाला ८ मेगाबिट. म्हणजे मिनिटाला ६० एमबी, ८ मिनिटांचा व्हिडिओ ४८० एमबी. रोजच्या दीड जीबीत बसतो. माणूस उभा राहून बोलतो आहे अशा व्हिडिओला ५ मेगाबिटही पुरतात, ३०० एमबीत काम होते. गटात पाठवायचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून पाठवला की तो स्वतःहून दाबतो आणि पाटीवरचे आकडे वाचता येत नाहीत.

प्रॉक्सी घरच्या फोल्डरमध्ये, लपवलेल्या कॅश फोल्डरात, केडेनलाइव्हच्या नावाखाली साठतात. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये कॅश डेटाचा टॅब आहे, तिथून संपलेल्या प्रोजेक्टच्या काढा. त्या पुन्हा बनवता येतात, त्यामुळे काढायला भीती नाही. स्थिर केलेल्या क्लिपा मात्र व्हिडिओ अपलोड होऊन, पूर्ण पाहून झाल्याशिवाय काढू नका.